रैयोलीचे डायनासोर उद्यान : पुतळ्यांना तासभर, खडकाला उरलेला दिवस

गुजरातमधील महिसागर जिल्ह्यात, बालासिनोरपासून थोड्याच अंतरावर रैयोली हे गाव आहे. या गावालगतचे जीवाश्म उद्यान आणि तेथेच जून २०१९ मध्ये लोकांसाठी खुले झालेले डायनासोर संग्रहालय यांचा उल्लेख बहुतेक ठिकाणी एका दमात केला जातो, आणि मुंबई-पुण्याहून जाणारी कुटुंबे बहुधा संग्रहालयाची छायाचित्रे पाहूनच निघतात. प्रत्यक्ष पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की या दोहोंचे मूल्यमापन स्वतंत्रपणे करायला हवे. संग्रहालय चांगले आहे आणि मुलांना ते आवडेलच. परंतु तेवढे पाहून परत फिरलेल्या पर्यटकाने रैयोली पाहिली असे म्हणणे कठीण आहे. ज्या उघड्या खडकात ही हाडे आणि अंडी योगायोगाने हाती लागली, तो खडक जाणत्या माणसाबरोबर हिंडून पाहणे हा येथील मुख्य कार्यक्रम असायला हवा, आणि हे परीक्षणही मुख्यतः त्याविषयीच आहे.

हा योगायोग कसा घडला ते जाण्यापूर्वीच वाचून ठेवावे, म्हणजे जागेवर गेल्यावर कोण कशाकडे बोट दाखवत आहे ते चटकन कळते. १९८१ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जी. एन. द्विवेदी आणि धनंजय मोहबे हे दोन भूवैज्ञानिक रैयोलीजवळच्या एसीसी सिमेंटच्या चुनखडीच्या खाणीत पृष्ठभागाचे नकाशे काढण्याचे काम करत होते. डायनासोर शोधण्यासाठी ते आलेले नव्हते. खाणीतल्या कामगारांनी त्यांच्या हाती चुनखडीचे काही गोळे दिले, आणि पुढील तपासणीत ती डायनासोरची अंडी असल्याचे निष्पन्न झाले. सिमेंटसाठी निघणारा दगड फोडून भट्टीकडे पाठवणे हे ज्यांचे रोजचे काम, त्यांनी इतर दगडांपेक्षा वेगळे दिसणारे गोळे बाजूला ठेवले आणि साहेब आल्यावर दाखवले. या साध्या चौकसपणावर पुढचे सगळे संशोधन उभे आहे. त्या कामगारांची नावे शोधनिबंधांत येत नाहीत, ही गोष्ट मला संग्रहालयात हिंडताना वारंवार आठवत होती.

चुनखडीच्या वर पिंडाश्म (गोटे एकत्र घट्ट होऊन बनलेला खडक) आणि वालुकाश्म (वाळूचा खडक) यांचा एक थर आहे, आणि तो खाणीच्या आसपास अनेक ठिकाणी उघडा पडला आहे. हाडे या थरात होती. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जीवाश्मतज्ज्ञ सुरेश श्रीवास्तव यांच्या पथकाने १९८२-८३ आणि १९८३-८४ अशा दोन हंगामांत तेथे उत्खनन केले. वाहत्या पाण्याने आणून टाकलेल्या गाळात असते तशी येथे हाडांची सरमिसळ होती. लांब मानेच्या शाकाहारी प्राण्यांची हाडे आणि मांसाहारी प्राण्याची हाडे एकाच थरात मिसळलेली. अशा जागी हाड दिसले की उपटून पेटीत भरणे सोपे असते, परंतु मग ती हाडे एका प्राण्याची की चार प्राण्यांची हे कधीच ठरवता येत नाही. श्रीवास्तव यांनी प्रत्येक हाड कोठे आणि कोणत्या दिशेला पडले होते याचा तपशीलवार नकाशा काढून ठेवला. प्रयोगशाळेत आल्यावर हाडांवरचा दगड काढणे, ती स्वच्छ करणे आणि वेगळी लावणे हे काम वर्षानुवर्षे चालले, आणि त्यातल्या मांसाहारी प्राण्याच्या हाडांचा अभ्यास तर १९९४-९५पर्यंत मागेच पडला होता.

त्यानंतर पंजाब विद्यापीठाचे अशोक साहनी या कामाशी जोडले गेले, आणि २००१ मध्ये मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री विल्सन व शिकागो विद्यापीठाचे पॉल सेरेनो हे अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ ती हाडे पाहण्यासाठी आले. तेव्हा जवळपास दोन दशके जुना तो नकाशा उपयोगी पडला. कमरेची डावी-उजवी हाडे आणि त्यांच्या मधला मणक्यांचा भाग एकमेकांशी जुळला, मेंदूभोवतीच्या कवटीचा भाग, पाठीचे व शेपटीचे मणके आणि मागच्या पायाची हाडे एकाच प्राण्याची ठरली, आणि ऑगस्ट २००३ मध्ये त्या प्राण्याला ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ हे नाव मिळाले. कपाळावर एकच बुटके शिंग असलेला हा मांसाहारी डायनासोर मादागास्करमधील मजुंगासॉरसचा जवळचा नातेवाईक मानला जातो. भारत आणि मादागास्कर हे भूभाग एके काळी एकमेकांना जोडलेले होते, त्यामुळे या नात्याचे नवल वाटू नये. पेटीत पडून राहिलेली हाडे आणि एक नकाशा यांमधून वीस वर्षांनी प्राणी उभा राहिला, ही रैयोलीची माझ्या दृष्टीने सर्वांत सांगण्याजोगी गोष्ट आहे. शिंग आणि दात यांचे आकर्षण तिच्यानंतर येते.

आता प्रत्यक्ष उद्यानाकडे वळतो. उद्यान सुमारे ७२ एकरांवर पसरलेले आहे, भोवती कुंपण आहे, आणि आत शिरल्यावर प्रथमदर्शनी निराशा होण्याची शक्यता बरीच आहे. खुरटी झुडपे, वाळलेले गवत, मधूनमधून वर आलेले करड्या-पिवळट रंगाचे खडक आणि काही माहितीफलक एवढेच दिसते. गाइड न घेता आत शिरलेले एक मोठे कुटुंब माझ्यासमोरच पंधरा-वीस मिनिटांत फेरी आटोपून बाहेर पडले, आणि त्यांच्या दृष्टीने ते योग्यही होते, कारण ज्याला काय पाहायचे हे ठाऊक नाही त्याला येथे पाहण्यासारखे काहीच नाही. याउलट जाणकार गाइड बरोबर असेल तर त्याच खडकाभोवती दोन-अडीच तास सहज जातात. म्हणून पहिली सूचना हीच, की गाइडवरचा खर्च वाचवू नये, आणि गाइड ठरवताना तो खडकावर हिंडवणार आहे की फक्त संग्रहालयात, हे आधीच विचारून घ्यावे.

आमच्याबरोबर आलेले गृहस्थ जवळच्याच गावचे होते. ते हिंदी आणि गुजराती अशी मिसळून बोलत, आणि त्यांनी आल्याबरोबर कोणतीही आकडेवारी सांगितली नाही, हे मला आवडले. एका सपाट खडकापाशी ते थांबले, हातातल्या बाटलीतले थोडे पाणी त्यावर ओतले आणि नुसते बाजूला झाले. कोरडा असताना सगळा खडक एकसारखा दिसत होता. पाणी मुरू लागले तसा त्यातला हातभर लांबीचा एक पट्टा भोवतालच्या दगडापेक्षा गडद झाला, आणि वाकून पाहिल्यावर त्या पट्ट्यात बारीक-बारीक छिद्रांची जाळी दिसली. दगडात अशी जाळी नसते. ती हाडाच्या आतल्या भागात असते. दोन मिनिटांत खडक वाळला आणि पट्टा पुन्हा अदृश्य झाला. माझ्याबरोबरच्या मुलाने लगेच स्वतःची बाटली काढून चार-पाच दगडांवर पाणी ओतून पाहिले, त्यातल्या एकातही काही निघाले नाही, आणि शोध घेणे म्हणजे काय याचा धडा त्याला कोणी न सांगता मिळाला.

अंडी पाहण्यासाठी मात्र पाण्याची गरज पडत नाही, फक्त नजर बसावी लागते. अंडे म्हटल्यावर दगडातून वर आलेला गोल गोळा डोळ्यांपुढे येतो. तसेही काही आहेत, परंतु पुष्कळ ठिकाणी खडक झिजून अंड्याचा आडवा छेद वर आला आहे. खडकावर कोणीतरी बारीक पेनाने वर्तुळ काढावे तशी एक गडद कडा दिसते. ती कडा म्हणजे अंड्याचे कवच असून त्याची जाडी दोन-तीन मिलिमीटरच्या आसपास भरते. वर्तुळाच्या आत गाळ भरून दगड झालेला असतो, आणि काहींत कॅल्साइटचे स्फटिक उन्हात चमकतात. वर्तुळाचा व्यास साधारण १५ ते २० सेंटिमीटर, म्हणजे अंडे सोललेल्या मोठ्या नारळाएवढे. एका वर्तुळाची ओळख पटली की शेजारची दुसरी-तिसरी आपोआप दिसू लागतात आणि लक्षात येते, की आपण एका घरट्याच्या काठावर उभे आहोत. ही अंडी टायटॅनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांची आहेत. एवढ्या प्रचंड प्राण्याचे अंडे इतके लहान कसे, हा प्रश्न प्रत्येक मूल विचारते आणि त्याचे उत्तरही सोपे आहे : अंडे जितके मोठे तितके त्याचे कवच जाड हवे, आणि कवच फार जाड झाले तर आतल्या पिल्लाला त्यातील छिद्रांतून हवाही मिळणार नाही आणि ते फोडून बाहेरही येता येणार नाही.

रैयोली हे जगातील तिसरे मोठे डायनासोर-प्रजननस्थळ आहे, येथे दहा हजार अंडी सापडली, तेरा जातींचे डायनासोर येथे वावरत होते, अशी वाक्ये फलकांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सर्वत्र आढळतात. असे क्रमांक कोण मोजतो आणि कशाच्या आधारावर ठरवतो यावर सगळे अवलंबून असते, तेव्हा वाचकांनी त्यांत अडकू नये. भक्कम आधारावर उभ्या असलेल्या गोष्टी याहून कमी नाहीत. राजासॉरसखेरीज येथूनच आणखी एका मांसाहारी डायनासोराचे वर्णन झाले आहे : भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पथकाने १९९० च्या दशकात येथे उत्खनन करून काढलेल्या हाडांवरून २०१० मध्ये ‘रैयोलीसॉरस गुजरातेन्सिस’ हे नाव देण्यात आले. एका लहानशा गावाचे नाव डायनासोराला मिळावे, हा मान कोणत्याही क्रमांकापेक्षा मोठा मानायला हरकत नाही.

याच परिसरातील ढोली डुंगरी येथील एका शोधाबद्दल गाइडला आवर्जून विचारावे. मोहबे यांनी १९८४ मध्ये तेथे अंड्यांचे एक घरटे आणि त्यालगत काही नाजूक हाडे असलेला दगड मिळवला, आणि त्या हाडांची गणना डायनासोरच्या पिल्लात झाली. पुढे २००१ मध्ये विल्सन तो नमुना पाहत असताना त्यांतले काही मणके डायनासोरचे नसून सापाचे आहेत हे त्यांच्या ध्यानात आले. मग तो दगड मिशिगनला नेऊन त्यावरचा गाळ अतिशय सावकाश काढण्यात आला, आणि आतून जे चित्र उलगडले त्याला तोड नाही : तीन अंड्यांचे घरटे, त्यातले एक अंडे फुटलेले, त्या फुटक्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप आणि शेजारी अंदाजे अर्धा मीटर लांबीचे, नुकतेच जन्मलेले पिल्लू. वरून अचानक गाळ लोटला आणि सगळे जागच्या जागी पुरले गेले असावे. २०१० मध्ये या सापाला ‘सनाजेह इंडिकस’ असे नाव देऊन हा शोध प्रसिद्ध करण्यात आला. सापाचा जबडा आजच्या अजगराइतका ताणला जात नव्हता, त्यामुळे तो सगळे अंडे गिळू शकत नसावा आणि बाहेर येणाऱ्या पिल्लांच्या मागावर असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. आमच्या गाइडने ही हकीकत उत्तम सांगितली, फक्त सापाची लांबी उत्साहाच्या भरात जवळजवळ दुप्पट करून टाकली. ऐकणाऱ्यांत भीतीची लाट पसरली हे खरे, पण साडेतीन मीटरचा साप तरी कोणाला लहान वाटणार आहे?

संग्रहालयाविषयी थोडक्यात सांगता येईल. इमारत प्रशस्त आणि वातानुकूलित आहे. दहा दालने, पन्नासच्या आसपास प्रतिकृती, चित्रफिती, त्रिमितीय चित्रपट, मुलांसाठी खेळण्याची जागा असा त्याचा पसारा आहे, आणि २०२२ मध्ये त्यात दुसऱ्या टप्प्याची भर पडली. मांडणीचा मुख्य भर प्राणी कसे दिसत असतील, किती मोठे असतील, काय खात असतील हे दाखवण्यावर आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना याहून अधिक काही नको असते आणि तेथे ती मुले खरोखर रमलेली दिसतात. मोठ्यांनी मात्र एका गोष्टीचे भान ठेवावे. समोर दिसतात त्या प्रतिकृती आहेत. कातडीचा रंग, पोत, डोळ्यांतली चमक हे सगळे कलाकाराच्या कल्पनेतून आलेले आहे, आणि प्रत्यक्ष सापडलेला राजासॉरस म्हणजे अपुरा सांगाडा आहे. लांबीबाबतही अभ्यासकांनी पूर्वीचे अंदाज खाली आणले आहेत : सुरुवातीला साडेसात ते नऊ मीटर असे आकडे दिले गेले, तर २०१६ मध्ये झालेल्या फेरमोजणीत ही लांबी साडेसहा मीटरच्या आसपास धरली गेली. उत्तर अमेरिकेतला टायरॅनोसॉरस बारा मीटरच्या घरातला होता. ‘आपला राजासॉरस टी-रेक्सला भारी पडला असता’ असे बरोबरची मुले ठामपणे म्हणू लागली तर त्यांना हे दोन आकडे सांगावेत. त्यानंतरही त्यांनी पक्ष बदलला नाही तर सोडून द्यावे.

मला व्यक्तिशः संग्रहालयात उत्खननाच्या हकीकतीला आणखी मोठे स्थान मिळालेले आवडेल. प्लास्टरमध्ये गुंडाळलेले हाड, छिन्नी आणि ब्रश, चौकटींची आखणी केलेला खड्डा, श्रीवास्तव यांच्या नकाशाची मोठी प्रत आणि खाणीतून आलेला पहिला गोळा यांचे एक स्वतंत्र दालन असावे, असे मला वाटते. डायनासोरचे पुतळे जगात कोठेही उभारता येतात. सिमेंटच्या खाणीतून सुरू झालेली ही कथा मात्र फक्त रैयोलीलाच सांगता येईल.

बालासिनोरच्या पूर्वीच्या संस्थानिक बाबी घराण्यातील आलिया सुल्ताना बाबी यांचा उल्लेख केल्याशिवाय या ठिकाणाचे वर्णन पूर्ण होत नाही. परदेशी संशोधक येऊ लागले तेव्हा त्या तरुण होत्या. त्यांच्याबरोबर हिंडत त्या हा विषय शिकल्या, आणि कुंपण व संग्रहालय होण्याच्या आधीच्या काळात या जागेचे रक्षण व्हावे म्हणून त्यांनी सातत्याने आवाज उठवला. गावातील एका घरी मसाला वाटण्यासाठी वापरात असलेला गोल दगड पाहून तो डायनासोरचे अंडे असल्याचे त्यांनी ओळखले, ही त्यांच्याबद्दलची प्रसिद्ध आठवण आहे. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातील पाडल्या भागातही असेच घडले. तेथील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या असे गोल दगड शेताच्या राखणीसाठी दैवत म्हणून पूजत आले, आणि ते टायटॅनोसॉरची अंडी असल्याची बातमी २०२३ च्या डिसेंबरात सर्वत्र झळकली. त्याच जिल्ह्यातून २०२३ मध्येच दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांनी ९२ घरटी आणि २५६ अंडी यांची नोंद प्रसिद्ध केली. म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यात डायनासोरची अंडी शास्त्रज्ञांच्या आधी पाट्यावर आणि देव्हाऱ्यात पोहोचली होती.

मराठी वाचकाला रैयोली परकी वाटण्याचे कारण नाही. या हाडांना आणि अंड्यांना पोटात ठेवणारे थर लामेटा या नावाने ओळखले जातात. जबलपूरच्या परिसरातून ते पश्चिमेला गुजरातपर्यंत आणि दक्षिणेला विदर्भापर्यंत तुकड्या-तुकड्यांनी पसरलेले आहेत. आपला सह्याद्री आणि त्यावरचे गड ज्या लाव्हाच्या थरांनी बनले, त्या थरांच्या तळाशी अनेक ठिकाणी हेच थर असतात. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळचे पिसदुरा आणि डोंगरगाव ही दोन गावे जीवाश्मतज्ज्ञांमध्ये जगभर परिचित आहेत. डोंगरगावला १९८० च्या दशकात मिळालेल्या सांगाड्यावरून आज ‘इसिसॉरस’ म्हणून ओळखला जाणारा लांब मानेचा डायनासोर निश्चित झाला, आणि पिसदुऱ्याच्या अश्मीभूत शेणात गवताचे अंश मिळाल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा डायनासोरांच्या काळात गवत होते, हे प्रथमच पक्के झाले. रैयोलीच्या अंड्यांचा अभ्यास करणारे मोहबे यांची पुढील कारकीर्दही नागपूरशी जोडलेली आहे. विदर्भातल्या वाचकांना गुजरातपर्यंत जाण्याची सवड नसेल तर त्यांनी गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाजवळच्या वडधम येथील जीवाश्म उद्यान जवळ करावे. तेथील खडक आणखी जुने आहेत.

प्रवासाबाबत काही व्यवहारी सूचना. अहमदाबादहून रैयोली सुमारे १०० किलोमीटर आहे, आणि बडोद्याहूनही अंतर फारसे वेगळे नाही. मुंबईहून रात्रीच्या गाडीने बडोदा गाठून तेथून दिवसाचे वाहन करणे मला अधिक सोयीचे वाटले. शिवाय बडोद्यात बहुतेक मराठी घरांचे कोणी ना कोणी नातेवाईक असतेच. वाहन ठरवताना थांबण्याचा वेळ लिहून घ्यावा. आम्ही ज्यांच्याकडून गाडी घेतली त्या भाडोत्री वाहनसेवेने ‘पूर्ण दिवस’ असे तोंडी सांगितले होते, परंतु जागेवर पोहोचल्यावर चालकाने संग्रहालय पाहायला दोन तास पुरतात असा हिशेब मांडला आणि दुपारनंतर थांबण्याचे वेगळे पैसे मागितले. दोष एकट्या चालकाचा नव्हता, कारण बहुतेक प्रवासी खडकाकडे फिरकतच नाहीत आणि दोन तासांत खरोखर परत निघतात. उन्हाळ्यात हा बेत करू नये. मे महिन्यात या भागातला पारा चाळिशी ओलांडतो, उद्यानात सावली नावापुरती आहे आणि तापलेल्या खडकावर वाकून काही पाहणे अशक्य होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सकाळी लवकर पोहोचून आधी उद्यान पाहावे, कारण तिरप्या उन्हात कवचाची वर्तुळे आणि हाडांचे उंचवटे स्पष्ट उठून दिसतात. ऊन चढले की संग्रहालयाच्या गारव्यात शिरावे. निघण्यापूर्वी त्या दिवशी संग्रहालय उघडे आहे का, याची गुजरात पर्यटन विभागाकडे खात्री करून घ्यावी. पायात जाड तळव्याचे बूट, डोक्यावर टोपी आणि पिण्याच्या पाण्याखेरीज खडकावर ओतण्यासाठी एक वेगळी बाटली एवढे सामान पुरे.

आत गेल्यावर एकही दगड उचलू नये, मग तो कितीही क्षुल्लक वाटो. नियम म्हणून तर उचलायचा नाहीच, पण त्यामागचे कारणही मुलांना समजावून सांगण्यासारखे आहे : जागेवरून हललेले हाड पुन्हा कधीही नकाशावर बसवता येत नाही, आणि नकाशा नसता तर राजासॉरसची हाडे आजही कोणत्या तरी पेटीत निनावी पडून राहिली असती. बाहेर कोणी ‘अंडे’ म्हणून काही विकायला आणले तर ते खरे असो वा खोटे, घेऊ नये.

गुण द्यायचेच तर संग्रहालयाला पाचपैकी साडेतीन आणि गाइडसह केलेल्या उद्यानाच्या फेरीला पाचपैकी साडेचार देईन. अर्धा गुण फक्त सावलीअभावी कापला आहे. पाच वर्षांखालील मुले आणि गुडघ्यांचा त्रास असलेली ज्येष्ठ मंडळी यांनी संग्रहालयावर समाधान मानावे, कारण खडक उंचसखल आहेत आणि बसायला जागा थोडी आहे. भूगोल किंवा विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांनी मात्र वर्गाची सहल येथे जरूर काढावी, आणि हाताशी आणखी एक दिवस असेल तर परतीच्या वाटेवर बडोद्याजवळचे चांपानेर-पावागढ जोडून घ्यावे.